स्वामीमलैचे मेण आणि रोजचे लिहिणे

नियमितपणे लिहिणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "तुम्हाला एवढे सुचते कसे ?" सुचण्याची अडचण मला स्वतःला फारशी जाणवलेली नाही. ज्याने महसूल खात्यात उभी हयात काढली, त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही असे होणे कठीणच. खरा प्रश्न वेगळा आहे. जे सांगायचे ते वाचणाऱ्याला नेमके कळेल असे, आणि आठवड्यामागून आठवडा न चुकता, कसे लिहावे ? या प्रश्नाचे उत्तर प्रतिभेत शोधण्यापेक्षा रोजच्या सवयींत शोधावे, असे माझे मत आहे. यांतील काही सवयी मला सरकारी दप्तराने लावल्या. मात्र त्यांच्यामागचे तत्त्व मला उलगडले ते तामिळनाडूतील स्वामीमलै या गावी.

निवडणूक निरीक्षक म्हणून माझी नेमणूक एकदा तंजावुर भागात झाली होती. मतदान आटोपले होते, मतमोजणीला अवकाश होता, आणि एक सकाळ मोकळी मिळाली. कुंभकोणमच्या पश्चिमेला मोटारीने अर्ध्या तासाच्या आत स्वामीमलै येते. तमिळमध्ये मलै म्हणजे डोंगर. पण भोवताली कावेरीकाठची सपाट भातशेती आहे आणि मंदिराचा डोंगर म्हणजे माणसांनी रचलेला उंचवटा. वर जायला साठ पायऱ्या आहेत. आपल्या पंचांगातील प्रभवापासून क्षयापर्यंतची जी साठ संवत्सरे, त्यांची नावे या पायऱ्यांना दिलेली आहेत. मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकेय, याच्या सहा प्रमुख क्षेत्रांपैकी हे एक.

मंदिराखालच्या गल्ल्यांतून स्थपतींच्या कार्यशाळा आहेत. पंचधातूच्या देवमूर्ती ओतण्याची चोळकाळापासूनची विद्या येथे आजही पोटापाण्याचा धंदा म्हणून चालू आहे. येथल्या कांस्यमूर्तींना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. माझ्याबरोबर दिलेले तरुण नायब तहसीलदार दुभाष्याचे काम करीत होते. त्यांच्यामुळे एका वयस्क स्थपतींजवळ दोन तास बसून सगळी रीत पाहता आली.

आधी मूर्ती मेणाची करतात. मधमाश्यांच्या मेणात राळ आणि थोडे तेल मिसळून ते हवे तसे वळणारे करून घेतात. हात, पाय, मुकुट, प्रभावळ असे भाग वेगवेगळे घडवून मग जोडतात. त्यावर कावेरीच्या गाळाच्या अतिशय बारीक मातीचा पातळ लेप देतात, तो सावलीत वाळवतात. मग जाडसर मातीचे आणखी थर चढवतात आणि तारांनी बांधून साचा पक्का करतात. साचा तापवला की मेण वितळून बाहेर येते. त्या पोकळीत तांबे मुख्य असलेला धातूचा रस एका संथ, अखंड धारेने ओततात. धातू निवाला की साचा फोडतात. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचविलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात ही रीत वर्णिलेली आहे. कार्यशाळेत पाहिलेली कृती तिच्यापासून फार दूर गेलेली नव्हती.

मी स्थपतींना विचारले, "चूक झाली तर काय करता ?" ते म्हणाले, "मेणात झाली तर बोटाने निघते. धातूत राहिली तर छिन्नीने काढावी लागते. आणि मापच चुकले असेल तर छिन्नीचाही उपयोग नाही, मूर्ती वितळवावी लागते. म्हणून आमचा जास्त वेळ मेणातच जातो."

माझ्या मनात तेव्हा मूर्ती नव्हती, सरकारी आदेश होता. आमच्या कामात टिपणी आणि मसुदा म्हणजे मेण. सही होऊन जावक क्रमांक पडला की धातू ओतला गेला. त्यानंतर दुरुस्ती करायची तर अपील, फेरतपासणी, उच्च न्यायालय. हा सगळा छिन्नीचा मार्ग आहे आणि छिन्नीचा खर्च प्रशासन करीत नाही, तो अर्जदार करतो.

याचे एक उदाहरण मी कधी विसरणार नाही. उपविभागीय अधिकारी असतांना माझ्यासमोर एक अपील आले. नवऱ्याच्या मागे जमिनीला आपले नाव लावावे, असा एका बाईचा अर्ज होता. दीर जमीन आपल्या ताब्यात असल्याचे सांगत होता. खालच्या एका कार्यालयाने दिलेल्या आदेशातील निर्णायक वाक्य असे होते : "अर्जदार यांची सदर जमिनीवर वहिवाट नसल्याचे गैरअर्जदार यांचे म्हणणे पुराव्याअभावी ग्राह्य धरता येत नसले तरी ते सर्वस्वी अमान्य करण्यासारखी परिस्थितीही दिसून येत नाही." हे वाक्य मी तीनदा वाचले. तलाठ्याने ते वाचून नोंद घेतली नव्हती. नोंद नाही म्हणून सोसायटीने पीककर्ज दिले नव्हते. चार वर्षे ती बाई खेटे घालीत होती आणि तेवढ्यात तिचा थोरला मुलगा शाळा सोडून पुण्याला बांधकामावर गेला होता. सुनावणीत मी तिला तो आदेश वाचून दाखवला. ती म्हणाली, "सायेब, म्हंजी जिमीन माजी का त्याची ?"

प्रकरण पुन्हा ऐकून जो निर्णय दिला, त्याचा शेवट दोन वाक्यांचा होता. अर्जदार यांची वहिवाट सिद्ध झाली आहे. त्यांच्या नावे नोंद घ्यावी. एवढेच. मुलाची गेलेली चार वर्षे मात्र या दोन वाक्यांनी परत आली नाहीत. लेखन चांगले असावे हा हौसेचा किंवा साहित्याचाच प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांना मी हे प्रकरण सांगतो.

आता सवयींकडे वळतो.

पहिली सवय त्याच दिवशी लिहिण्याची. महसुली दाव्यात रोजनामा असतो. ज्या तारखेला सुनावणी झाली, त्या तारखेचा रोजनामा त्याच दिवशी लिहायचा असतो. कोण हजर होते, काय दाखल केले, पुढची तारीख कोणती, एवढेच त्यात असते. हा नियम कंटाळवाणा वाटतो, पण त्यामागे मनुष्यस्वभावाची पक्की जाण आहे. आठ दिवसांनी आठवून लिहिलेल्यात आपण काय पाहिले यापेक्षा आपल्याला काय वाटले तेच जास्त उतरते. मी नोकरीत लागल्यापासून रात्री झोपण्याआधी पंधरा मिनिटे दिवसाचा एक परिच्छेद लिहीत आलो आहे. त्यात विचार नसतात, फक्त पाहिलेले असते. ज्या दिवशी लेख लिहायला बसतो, त्या दिवशी कागद कोरा नसतो. हात, पाय, मुकुट वेगवेगळे घडलेले असतात, फक्त जोडायचे असतात.

दुसरी सवय नेमकेपणाची. मेणावर सर्वांत आधी जो लेप बसतो, तो सर्वांत बारीक मातीचा असतो. दागिन्यांची आणि बोटांच्या पेरांची रेघन् रेघ तोच उचलतो. तो जाड झाला तर पुढचे थर कितीही चांगले असोत, मूर्तीचा चेहरा सपाटच निघणार. लिहिण्यातही तसेच आहे. "बरेच शेतकरी उपस्थित होते" यापेक्षा "सदतीस शेतकरी होते, त्यांतील नऊ बायका" हे जास्त उपयोगाचे. झाडाचे नाव, ओढ्याचे नाव, त्या दिवशीचा कांद्याचा भाव हे जागेवरच टिपून घ्यावे लागते. घरी आल्यावर ते मिळत नाही.

तिसरी सवय आधी माप घेण्याची. स्वामीमलैचे स्थपती मेणाला हात लावण्यापूर्वी नारळाच्या पातीची एक पट्टी मूर्तीच्या उंचीएवढी कापतात. तिला घड्या घालून तोंड, छाती, कंबर, गुडघा यांची प्रमाणे ठरवतात. ही पट्टी काम संपेपर्यंत शेजारी असते. मेणाच्या मूर्तीचे वजनही करतात, कारण धातू त्याच्या साधारण आठ ते दहा पट लागतो आणि ओततांना तो कमी पडून चालत नाही. मी कागदाच्या डोक्यावर पेन्सिलीने दोन ओळी लिहितो. हे मी कोणाला सांगतो आहे आणि वाचून झाल्यावर त्याला कोणती एक गोष्ट कळली पाहिजे. या दोन ओळी लिहिता आल्या नाहीत तर त्या दिवशी लेख लिहीत नाही. टिपणी लिहितांनाही हेच माप वापरत असे. निर्णय कोणी घ्यायचा आणि त्याच्यापुढे पर्याय कोणते, हे पहिल्या पानावर आले नाही तर ती टिपणी परत जाई.

चौथी सवय मोठ्याने वाचण्याची. डोळे आपल्या वाक्याला सांभाळून घेतात, जीभ घेत नाही. वहिवाटीचे ते वाक्य लिहिणाऱ्याने एकदा जरी मोठ्याने वाचले असते, तरी मध्येच त्याचा श्वास संपला असता. दोन नकार एका वाक्यात आले की मी वाक्य मोडतो. 'दिसून येते', 'म्हणता येईल', 'असे वाटल्यावाचून राहत नाही' अशा शेपट्या काढून टाकतो. यातील बहुतेक शेपट्या विनयापोटी लावलेल्या नसतात, जबाबदारी टाळण्यासाठी लावलेल्या असतात.

पाचवी सवय आपल्याहून लहानाला वाचायला देण्याची. स्वामीमलैच्या क्षेत्राची कथा हेच सांगते. प्रणवाचा अर्थ बालक मुरुगनाने खुद्द शंकराला सांगितला, शंकराने शिष्य होऊन तो ऐकला, म्हणून येथला देव स्वामिनाथ. प्रशासनात याच्या बरोबर उलटे चालते. कागद खालून वर जातो आणि प्रत्येक पायरीवरचा मोठा माणूस त्यात एक शब्द वाढवतो. मी माझे महत्त्वाचे मसुदे कार्यालयातील सर्वांत नव्या लिपिकाला वाचायला देत असे आणि एवढेच विचारत असे की, आता तुला काय करायचे आहे ते सांग. त्याने अडखळत सांगितले तर मसुदा बदलायचा. सुरुवातीला तो घाबरून "बरोबर आहे, साहेब" म्हणतो. ती भीती जायला महिना-दोन महिने लागतात. पण एकदा ती गेली की त्याच्याइतका चांगला संपादक मिळत नाही.

मराठीत या सवयींची चर्चा नवी नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. अक्षर गोल आणि मोकळे असावे, ओळी सरळ असाव्यात, सुरुवातीचे अक्षर आणि शेवटचे अक्षर सारखेच नेटके असावे, अशा अगदी हाताच्या सवयी त्यात सांगितल्या आहेत. तरुणपणी बारीक अक्षरात लिहिलेले म्हातारपणी स्वतःलाच वाचता येत नाही, म्हणून मध्यम आकाराचे लिहावे, हा त्यातला सल्ला मला फार शहाणपणाचा वाटतो. आपले लेखन उद्या कोणाच्या डोळ्यांसमोर जाणार आहे, याची ती आठवण आहे. सज्जनगडावरील राममूर्ती तंजावरला घडविल्या गेल्या अशी समर्थसंप्रदायात परंपरा आहे. मूर्ती ओतणारी ती भूमी आणि लेखनाची शिस्त सांगणारा तो समास असे दोन धागे माझ्या मनात तेव्हापासून एकत्र गुंफले गेले आहेत.

कुंभकोणमचे आणखी एक नाव येथे घेतले पाहिजे. सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमला, एका तंजावुरी मराठी घराण्यात झाला. त्रावणकोरच्या राजपुत्रांचे ते शिक्षक होते आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदा या तीन संस्थानांचे ते दिवाण झाले. मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यानंतर १८७५ साली ते बडोद्याला आले. त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसविण्यात आला. तेच सयाजीराव महाराज. राज्याचा पूर्ण अधिकार हाती येण्याच्या सुमारास, १८८१ साली, माधवरावांनी त्यांना राज्यकारभारावर जी व्याख्याने दिली ती 'मायनर हिंट्स' या नावाने छापली गेली. विषय मोठा, पण मांडणी अशी की अठरा वर्षांच्या मुलाला कळावे. राजाने काय करावे, काय टाळावे, अधिकाऱ्यांवर किती विसंबावे, खर्च कसा आवरावा, हे सगळे साध्या वाक्यांत आणि पायरीपायरीने सांगितलेले आहे. उतारवयात मद्रासला परतल्यावरही ते टोपणनावाने वर्तमानपत्रांत लिहीत राहिले, आणि १८८९ साली मुलांच्या संगोपनावर त्यांनी एक छोटी पुस्तिका काढली. तीन संस्थाने चालवलेल्या माणसाला मुलांच्या संगोपनावर लिहावेसे वाटले, यात मला त्यांच्या सवयीचे बळ दिसते. शिक्षक म्हणून ऐकणाऱ्याच्या पायरीवर उतरण्याची जी सवय लागली, ती शेवटपर्यंत टिकली.

मात्र माधवरावांचे हे सारे लेखन इंग्रजीत झाले. त्याला कारणे होती, त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. पण त्या सकाळी माझ्याबरोबर असलेल्या तरुण नायब तहसीलदारांनी मला जे सांगितले, ते याला जोडून आठवते. स्थपतींशी बोलणे संपल्यावर ते अचानक मराठीत म्हणाले, "सर, आमच्या घरी हीच भाषा." त्यांचे मराठी जुन्या वळणाचे, मध्ये तमिळ शब्द असलेले, पण गोड होते. मी त्यांना एक मराठी पुस्तक पाठवण्याचे कबूल करू लागलो तेव्हा ते म्हणाले, "बोलायला येते सर, वाचायला नाही. आजोबांचे मोडी कागद आहेत घरी. कोणाला वाचता येत नाहीत."

तंजावरवर १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांचा अंमल बसला आणि मराठ्यांचे ते राज्य १८५५ पर्यंत टिकले. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा विस्तृत इतिहास मराठीत कोरून घेतला. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी दप्तरांचे गठ्ठे आहेत. राज्य गेले तरी भाषा घरात पावणेदोनशे वर्षे टिकली, ही थोर गोष्ट आहे. पण टिकली ती बोलण्यात. कारकुनाला रोज मराठीत जमाखर्च लिहिण्याचे कारण उरले नाही, तशी लिहिण्याची सवय गेली, आणि तिच्यामागून वाचण्याचीही गेली. मंदिराच्या भिंतीवरचा लेख आजही तेथेच आहे. तो ज्यांच्या पूर्वजांचा, त्यांतील अनेकांना तो आता तमिळ वा इंग्रजी भाषांतरातूनच कळतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना मी हे मुद्दाम सांगतो आहे. चेन्नई असो, इंदूर असो, सिंगापूर असो की न्यू जर्सी, घरात मराठी बोलली जाते म्हणून आपली मराठी सुरक्षित आहे असे आपण धरून चालतो. बोलण्याची भाषा स्वयंपाकघर आणि सणवार यांपुरती आपोआप आक्रसत जाते. कराराबद्दल, आजाराबद्दल, मुलाच्या शाळेबद्दल, नगरपालिकेच्या कारभाराबद्दल जे बोलायचे ते दुसऱ्या भाषेत होते. त्या विषयांवर मराठीत लिहायला बसले की शब्द सापडत नाहीत, मग "मला लिहायला जमत नाही" असे वाटू लागते. जमत नाही असे नसते. त्या शब्दांशी रोजची गाठभेट उरलेली नसते, एवढेच. यावर वर्षातून एकदा मंडळाच्या स्मरणिकेत लेख देणे हा उपाय पुरेसा नाही.

शेवटी एका मर्यादेबद्दल. स्वामीमलैला साचा फोडल्यावर मूर्ती लगेच देत नाहीत. कानशीने घासणे, बारीक छिन्नीने नक्षी उठवणे, झळाळी देणे यांत बरेच दिवस जातात. पण तेव्हा कोणी मूर्तीची मुद्रा बदलीत नाही. लेख पूर्ण झाल्यावर मी तो दोन दिवस बाजूला ठेवतो, मग एकदाच कानस फिरवतो आणि सोडून देतो. सतत घासत बसणाऱ्यांचे लेख टेबलाच्या खणात राहतात. फाइली अशाच कारणाने वर्षानुवर्षे अडतात हे मी पाहिले आहे.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी एक सोपी रीत सुचवितो. आज रात्री पंधरा मिनिटे काढा. तुम्ही ज्या शहरात राहता तेथे आज तुम्ही पाहिलेली एक गोष्ट मराठीत लिहा. रांग, दुकान, बसचा चालक, बँकेतला फॉर्म, काहीही चालेल. आकडे आणि नावे नेमकी लिहा. मग ते घरातील सर्वांत लहान मुलाला मोठ्याने वाचून दाखवा. जो शब्द त्याला कळणार नाही तेथे त्याने तुम्हाला थांबवायचे. तो शब्द सोपा करायचा की त्याला शिकवायचा, हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवा.